वयाची तारीख आधी, सराव मागाहून

पन्नाशीनंतर मैदानात उतरणाऱ्या आमच्या पेडणे-डिचोलीतल्या बायाबापड्यांना मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. प्रवेश अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचा वयाचा नियम स्वतः वाचा. गेल्या खेपेला चाललं म्हणून यंदाही चालेल, असं धरून बसू नका.

आमच्या रिले संघाचं काय झालं ते ऐका. आम्ही चौघी, दोघी पेडण्याच्या, दोघी डिचोलीच्या. एरवी आपापल्या गावात सराव आणि रविवारी मोरजीच्या किनाऱ्यावर बॅटन देण्याघेण्याची तालीम. पन्नाशीवरच्या गटात धावायचं ठरलं होतं. सगळ्यांत धाकटी डिचोलीची. तिला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पन्नास पूर्ण होणार होती. आधीच्या वर्षी आयोजकांनी वय ३१ डिसेंबरला मोजलं होतं. या वेळी पत्रकात ‘स्पर्धेच्या पहिल्या दिवशीचे वय’ एवढेच शब्द बदलले होते आणि ते कुणी तोंडीही सांगितले नाहीत. नोंदणीच्या टेबलावर तिला पंचेचाळीसच्या गटात टाकलं. रिलेत संघाचा गट सर्वांत लहान धावपटूच्या वयावरून ठरतो, त्यामुळे आम्ही चौघीही त्याच गटात गेलो. आमच्यातली थोरली साठीला टेकलेली. तिला पंचेचाळिशीतल्या बायकांच्या बरोबरीने धावावं लागलं. ती जीव तोडून धावली. धाकटी मात्र घरी पोचेपर्यंत डोळे पुसत होती. तिचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

नियम बदलतो म्हणजे दर वेळी कुणी डाव साधतो असं नाही. १९७५ साली टोरंटोत ज्येष्ठांची पहिली जागतिक मैदानी स्पर्धा झाली, तेव्हा पुरुषांना चाळिशीची अट होती आणि स्त्रियांना पस्तिशीची. पुढे दोघांनाही पस्तीसच ठेवली. खेळ वाढतो तशा अटी बदलतात. बदल खेळाडूपर्यंत वेळेत पोचत नाही, तिथे घात होतो.

त्यात प्रत्येक खेळाचं मोजमाप निराळं. ज्येष्ठांच्या जागतिक मैदानी स्पर्धेत पहिल्या दिवशीचं वय धरतात, तर जलतरणात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरचं. बर्फावर दगड सरकवण्याच्या कर्लिंगमध्ये ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेला पन्नाशीची अट आहे आणि ती स्पर्धेआधीच्या ३० जूनला पूर्ण व्हावी लागते. आता १५ नोव्हेंबर १९७५ चा जन्म घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही व्यक्ती जलतरणात पन्नाशीच्या गटात, धावण्यात पंचेचाळीसच्या. कर्लिंगच्या २०२६ च्या स्पर्धेतही तिला प्रवेश नाही, कारण ३० जून २०२५ ला ती एकोणपन्नासचीच. माणूस तोच, जन्मतारीख तीच, पण हिशेब तीन.

तारखेइतकाच कागदही महत्त्वाचा. फौजा सिंग यांनी २०११ साली टोरंटोची मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा पासपोर्टाप्रमाणे ते शंभर वर्षांचे होते. तरीही गिनीजने विक्रम नोंदवला नाही, कारण जन्माच्या वेळचा दाखला नव्हता. पंजाबातल्या त्यांच्या गावी त्या काळी जन्मनोंद कोण ठेवणार!

गोव्यात आपण त्या बाबतीत सुदैवी. पोर्तुगीज अमदानीपासून इथे जन्माची सरकारी नोंद होत आली आहे. पण मुक्तीनंतर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा कितीतरी मुलांच्या नावापुढे मास्तरांनी अंदाजाने १ जून लिहिला. साखळीच्या एका काकांचं असंच झालं. नोंदवहीत एक तारीख, शाळेच्या दाखल्यात दुसरी, आणि आधारवर शाळेचीच उतरलेली. आयोजकांनी दोन कागद मागितले आणि काका गटाबाहेर गेले. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

म्हणून सांगते ते करा. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातून जन्मनोंदीची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. जुनी नोंद पोर्तुगीजमध्ये असेल तर भाषांतरही करून घ्या. शाळेचा दाखला, पासपोर्ट, आधार शेजारी मांडून तारीख आणि नावाचं स्पेलिंग जुळतं का पाहा. फरक असेल तर मोसम सुरू व्हायच्या आधी मार्गी लावा, कारण अशा कामांना महिने लागतात. यंदाचं पत्रक हाती आलं की वय कोणत्या दिवशी मोजणार ती ओळ शोधा. नसेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. रिले किंवा दुहेरी असेल तर प्रत्येकाचं वय त्या दिवशी किती भरतं ते कागदावर मांडूनच संघ ठरवा. वाढदिवस सीमारेषेजवळ असेल त्याच्या जागी राखीव खेळाडू तयार ठेवा.

आयोजकांनाही माझं मागणं आहे. वयाची अट बदलायची तर अर्ज सुटण्याआधी, पत्रकाच्या पहिल्या पानावर, मराठी-कोंकणीत छापा. शक्य असेल तर ती पुढच्या वर्षापासून लागू करा. या वयात एक मोसम हुकणं फार महागात पडतं. गुडघे पुढच्या वर्षी साथ देतील याची हमी कुणीच देऊ शकत नाही.