रुग्णालयातून घरी : नैराश्यग्रस्त ज्येष्ठांसाठी सामूहिक नियोजन

वृद्धापकाळातील नैराश्य हे वाढत्या वयाचे स्वाभाविक लक्षण नसून उपचारांनी आटोक्यात येणारा आजार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. २०१७-१८ च्या राष्ट्रीय वार्धक्य सर्वेक्षणात त्यांच्यापैकी ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र नैराश्याची संभाव्य लक्षणे आढळली. यातील काहींना रुग्णालयात दाखल करावे लागते. तथापि, उपचारांची खरी कसोटी रुग्ण घरी परतल्यावरच लागते.

कायदेशीर तरतूद

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील कलम ९८ नुसार रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने स्वतः रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, ज्यांच्याकडे तो राहणार आहे ते कुटुंबीय आणि पुढील उपचार करणारे तज्ज्ञ यांच्याशी विचारविनिमय करून पुढील सेवांची योजना तयार करणे आवश्यक आहे. या यादीत रुग्णाचे नाव प्रथम आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रत्येकाचा वाटा

समजा, जबलपूर शहरातील गोहलपुर भागात मुलाच्या कुटुंबात राहणाऱ्या सत्तरीतील एका विधवा महिलेला शासकीय रुग्णालयातून घरी सोडावयाचे आहे. तिला मधुमेह व रक्तदाबही आहे. नैराश्यावरील गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि बरे वाटू लागल्यानंतरही त्या किमान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. काही गोळ्यांमुळे वृद्धांच्या रक्तातील सोडियम घटते; तोल जाऊन पडण्याचाही धोका असतो. म्हणून मनोविकारतज्ज्ञ व सामान्य चिकित्सक यांनी सर्व औषधांची एकच यादी करावी. परिचारिकेने गोळ्यांच्या वेळा समजावून सांगून त्या रुग्णाकडून पुन्हा वदवून घ्याव्यात. समाजसेवकाने घरातील एकटेपणा, उत्पन्न आणि काळजी घेणाऱ्याची क्षमता पाहावी. कुटुंबाने धोक्याची लक्षणे ओळखावीत, तर वस्तीतील आशा सेविकेने पाठपुरावा करावा.

घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचा धोका विशेष असतो. त्यामुळे पहिल्या फेरतपासणीची तारीख रुग्णालय सोडण्यापूर्वीच निश्चित व्हावी. अडचणीच्या वेळी १४४१६ या ‘टेली मानस’ दूरध्वनी सेवेचा आधार घेता येतो. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

उणीव कोठे?

कायद्याने योजनेची जबाबदारी मनोविकारतज्ज्ञावर सोपविली आहे. परंतु ती योजना घरोघरी राबविणारे हात अनेक आहेत. प्रत्येकाने ‘हे काम दुसरा करील’ असे मानले, तर योजना कागदावरच राहते. म्हणून प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव व तारीख लिहिणे आणि त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती देणे, हेच सांघिक नियोजनाचे मर्म होय.