मुक्काम वाढला तर : रिज आणि यमुना

विटा, जि. सांगली



परीक्षेसाठी दिल्लीला गेलेल्या मुलांचा मुक्काम ठरवल्यापेक्षा लांबतो, हे नेहमीचेच. २०२० साली केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा ३१ मेवरून ४ ऑक्टोबरवर गेली. २०२४ साली लोकसभा निवडणुकीमुळे २६ मेची परीक्षा १६ जूनला झाली. पूर्वनंतर मुख्य आणि मुख्यनंतर मुलाखत आलीच. करोल बाग किंवा शेजारच्या जुन्या राजेंद्र नगरातली भाड्याची खोली मग महिन्यामहिन्याने पुढे चालू राहते. असे वाढलेले दिवस बहुतेक मुले खोली, अभ्यासिका आणि चहाची टपरी यांतच घालवतात, आणि हे फार मोठे नुकसान आहे. कारण करोल बाग एका जंगलाच्या काठावर वसले आहे आणि यमुना तिथून मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

जंगल म्हणजे रिज, अरवलीचे उत्तरेकडचे टोक. गुजरात-राजस्थानातून येणारी ही रांग दक्षिणेला असोला-भाटीकडून दिल्लीत शिरते आणि वझिराबादला यमुनेच्या काठाशी संपते. सांगलीकडच्या खानापूर तालुक्याच्या पठारावरचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रिजचा क्वार्ट्झाइट शंभर कोटी वर्षांहूनही जुना. इतक्या काळात तो झिजून बसका झाला आहे. म्हणून गड चढलेल्या मुलाला रिज आधी डोंगर वाटतच नाही. पण तासभर चालल्यावर खडक, घळी आणि काटेरी रान यांची सवय होते आणि मग हा दगड आवडू लागतो.

करोल बागेला लागून आहे ती मध्य रिज, सुमारे ८६४ हेक्टरचे राखीव वन. तिथे सगळीकडे दिसते ते विलायती कीकर, म्हणजे सांगलीकडची वेडी बाभूळ. मूळची अमेरिका खंडातली ही बाभूळ इंग्रजांनी नव्या राजधानीभोवतीची उघडी टेकाडे हिरवी करायला लावली आणि तिने देशी झाडांची जागा घेतली. तरी हिवर, बोर, देशी बाभूळ टिकून आहेत. मोर आहेत आणि कोल्हेही आहेत. झाडांची नावे एकेक करून शिकावीत. पर्यावरणाच्या पेपरात जे पाठ करावे लागते ते इथे डोळ्यांसमोर उभे असते.

झंडेवालान मेट्रो स्थानकाजवळ हनुमानाची उंच मूर्ती आहे. तिच्या मागच्या वाटेने वर गेले की ‘भूली भटियारी का महल’ लागतो. फिरोजशाह तुघलकाच्या काळातली, चौदाव्या शतकातली ही शिकारखान्याची वास्तू. आज जिथे रिक्षांची गर्दी आहे तिथे तेव्हा शिकारीचे रान होते, हे तिच्या जाड भिंतींकडे पाहिल्यावर पटते. रिजवरून दक्षिणेकडे गेल्यास बुद्ध जयंती पार्क येते. पुस्तक घेऊन बसायला याहून चांगली जागा त्या भागात नाही. रिजच्या पूर्व उतारावर तालकटोरा आहे. १७३७ च्या चैत्रात बाजीराव पेशवे फौजेसह दिल्लीवर आले तेव्हा त्यांचा तळ या परिसरात पडला होता. स्वारीची हकिकत त्यांनी चिमाजीअप्पांना पत्राने कळवली. २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेही तालकटोरा स्टेडियममध्येच. मराठी मुलाने ही वाट एकदा तरी पायी चालावी.

रिजवर जाताना मात्र शिस्त हवी. एकट्याने आत शिरू नये. निदान दोघे असावेत, आणि दिवस मावळण्यापूर्वी मोठ्या रस्त्यावर यावे. माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नये आणि त्यांना खायला घालू नये. माणसाच्या हातचे खाण्याची सवय लागली की ती चावरी होतात. माकड किंवा कुत्रे चावले, नुसते ओरखडले तरी जखम साबणाने भरपूर पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. यात एका दिवसाचीही टाळाटाळ चालत नाही. निघण्याआधी कुठे जातो ते कुणाला तरी सांगावे. करोल बागेत खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांची, घरे आहेत. गावाकडच्या मुलासाठी तिथे धावून येणारी माणसे आहेत.

यमुनेसाठी हिवाळा राखून ठेवावा. करोल बागेहून निळ्या मार्गाने राजीव चौक, तिथून पिवळ्या मार्गाने कश्मीरी गेट, आणि पुढे चालत यमुना बाजारचा घाट. नोव्हेंबरपासून तिथे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले कुरव पाण्यावर थव्यांनी उतरतात. हर्णै-दापोलीच्या बंदरात दिसणारा हा पक्षी समुद्रापासून इतक्या आत भेटतो याचे नवल वाटते. पहाटे नाव करून नदीत जाता येते. लोक पक्ष्यांना शेव-फरसाण टाकतात. ते करू नये, कारण तळलेले, खारट खाणे त्यांना बाधते. नदीत उतरणे तर नाहीच. वझिराबादच्या खाली नजफगडचा नाला मिळतो आणि तिथून पुढचे पाणी अंगाला लावण्याजोगे राहत नाही.

वझिराबादच्या वर बुराडी. १० जानेवारी १७६० रोजी मराठा सरदार दत्ताजी शिंदे बुराडी घाटाच्या लढाईत पडले. हिवाळ्यात पाणी उतरलेले, पात्रात बेटे उघडी, त्यांवर उंच गवताचे दाट रान. त्याच्या आडून शत्रू नदी ओलांडून आला. ही लढाई नकाशावर समजत नाही, जानेवारीत काठावर उभे राहिले की समजते. जवळच जगतपूरला यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी पूरमैदानावर पाणथळ आणि देशी वन पुन्हा उभे केले आहे. हिवाळ्यात तिथे बदके येतात. आधी चौकशी करून जावे.

वेळ अधिक असेल तर ओखला पक्षी अभयारण्य आहे, त्याच नावाचे मेट्रो स्थानक आहे. असोला-भाटीला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे केंद्र आहे. तिथे जाणकारांबरोबर फिरावे.

ऋतू मात्र पाळावेत. मे-जूनमध्ये लू, म्हणजे भाजणारा वारा, वाहते. सकाळी आठनंतर उन्हात राहू नये आणि पाणी, मीठ, साखर जवळ असावी. जूनच्या अखेरीस पाऊस येतो. त्यानंतर यमुनेच्या काठी जाऊ नये: धोक्याची पातळी २०५.३३ मीटर, आणि जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढून काठच्या वस्त्यांत शिरले होते. ऑक्टोबरच्या अखेरीपासून हवा बिघडते; निर्देशांक तीनशेच्या वर असेल त्या दिवशी चालणे रद्द करून खोलीतच व्यायाम करावा. फेब्रुवारी आणि मार्च हे सर्वांत चांगले महिने. तेव्हा आठवड्यातली एक सकाळ वेळापत्रकातच लिहून ठेवावी.