व्यक्ती तितक्या प्रकृती : मनाच्या उपचाराविषयी थोडेसे



जमाखर्चाच्या पत्रकांबरोबरच एखाद्या उपचाराची माहिती आपल्यापुढे ठेवावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत. मानसोपचाराचा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. या विभागाचा खर्च ताळेबंदात दिसतो, काम मात्र कोणास दिसत नाही. येथे ना खाट, ना यंत्र, ना शस्त्रक्रिया. दोन खुर्च्या आणि एक बंद दार, एवढाच पसारा.

आमची एक चूक

आरंभी आम्हांसही हे काम नीट उमगले नव्हते. बाह्यरुग्ण विभागातील रांग पाहून आम्ही असे सुचविले की, मानसोपचाराच्या प्रत्येक रुग्णास पंधरा मिनिटे द्यावीत आणि सर्वांना एकसारखा सल्ला छापून द्यावा. हिशेबाला ते सोयीचे होते. त्यावर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी नावे झाकून दोन केसपेपर आमच्यापुढे ठेवले. दोहोंवर तक्रार एकच : झोप नाही, छातीत धडधड, अन्न गोड लागत नाही. दोघांचाही ईसीजी निर्दोष. त्यांनी विचारले, “या दोघांना एकच कागद द्यायचा?”

पहिला रुग्ण पन्नाशीतील शेतकरी. सोयाबीन पावसात गेले, कर्ज थकले, आणि ‘मी घर बुडवले’ हा एकच विचार रात्रंदिवस. दुसरी बावीस वर्षांची विवाहिता. घरच्यांनी ‘बाहेरचे’ म्हणून दोन ठिकाणी नेऊन आणलेली. सासूसमोर तोंडातून शब्द फुटत नसे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आम्ही आमची सूचना मागे घेतली.

हे तज्ज्ञ कोण?

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात. ते औषधे देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत. मानसिक चाचण्या, निदानास साहाय्य आणि संवादाद्वारे उपचार हे त्यांचे क्षेत्र असून, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. दोघे परस्परांस पूरक आहेत.

एकात्मिक उपचार म्हणजे काय?

संवादातून उपचार करण्याच्या अनेक पद्धती गेल्या शतकात विकसित झाल्या. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार दुःखामागील अविवेकी विचारांवर बोट ठेवतो. कि. मो. फडके यांनी तो महाराष्ट्रात रुजविला आणि ठाणे येथे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या संस्थेने तो सामान्य माणसापर्यंत नेला. अन्य काही पद्धती वर्तनातील बदलावर, काही नातेसंबंधांवर, तर काही निव्वळ मनःपूर्वक ऐकून घेण्यावर भर देतात.

यांपैकी एकाच पद्धतीचा आग्रह न धरता, समोरच्या माणसास जे लागू पडेल ते विचारपूर्वक निवडणे, यास एकात्मिक दृष्टी म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड लाझारस यांनी १९७० च्या दशकात रुग्णाकडे सात बाजूंनी पाहण्याची रीत घालून दिली : वर्तन, भावना, शारीरिक संवेदना, मनातील चित्रे, विचार, नातेसंबंध आणि शरीरप्रकृती व औषधे. कोणाची गाठ कोठे बसली आहे हे या सात बाजू तपासल्यावर कळते.

आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत पहिला प्रश्न जिवाचा होता. आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे त्यास स्पष्ट विचारण्यात आले. असे विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज चुकीचा आहे. उत्तर ‘हो’ आले. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणी झाली आणि घरातील फवारणीची औषधे भावाच्या ताब्यात देण्यात आली. मग रोज सकाळी शेतात एक चक्कर, सायंकाळी पारावर थोडा वेळ, अशी छोटी कामे ठरली. पीक बुडणे आणि माणूस नालायक ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही चर्चा त्यानंतर आली. कर्जाची कागदपत्रे घेऊन समाजसेविका मुलासोबत बँकेत गेल्या. कारण कर्जाचा प्रश्न केवळ विचार बदलून सुटत नाही.

विवाहितेचा मार्ग निराळा. पहिल्या दोन भेटी केवळ एकांतात ऐकण्याच्या. पुढे धडधड सुरू होताच श्वास संथ करण्याचा सराव. नर्सीच्या नामदेव महाराजांवर तिची श्रद्धा. तिला हसण्याऐवजी रोजचा नामजप हाच तिच्या स्वस्थतेचा वेळ ठरला. त्यानंतर पतीस व शेवटी सासूबाईंस बोलाविले, आरोपी म्हणून नव्हे, तर घरच्या वडीलधाऱ्या म्हणून.

खिचडी नव्हे

व्यक्तिनुरूप उपचार म्हणजे मनास येईल ते करणे नव्हे. प्रत्येक उपायामागे कारण लिहिलेले असावे, ठरावीक प्रश्नावलीने प्रगती मोजावी, आणि काही भेटींनंतर फरक न पडल्यास योजना बदलावी किंवा रुग्ण अन्यत्र पाठवावा, ही शिस्त आवश्यक आहे. तीव्र मनोविकारांत औषधे टाळून केवळ संवादावर विसंबणे घातक ठरते.

लिखित चौकटीचेही मोल आहे. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी लाभलेल्या गटात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. या भेटी न मिळालेल्या गटात ३९ टक्के. चौकट ठरलेली होती, पण कोणती कामे हाती घ्यावयाची हे ज्याच्या त्याच्या दिनक्रमावरून ठरे.

वेळेची किंमत

धर्मादाय रुग्णालयांस १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. परंतु मानसोपचाराच्या तासाला खाट नसते, म्हणून तो अशा मोजणीत सहज निसटतो. हळद, सोयाबीन व कापूस यांवर घर चालविणाऱ्या सेनगाव तालुक्यातील माणसाला दर आठवड्याची फेरी म्हणजे बसभाडे अधिक बुडालेली मजुरी. देणगीचा पैसा येथे औषधापेक्षा वेळेसाठी लागतो.

घरच्यांसाठी

‘मन घट्ट कर’ असे सांगण्याऐवजी शेजारी बसावे. तज्ज्ञांशी काय बोलणे झाले याची उलटतपासणी करू नये; मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. बरे वाटू लागताच औषधे व भेटी आपल्या मनाने थांबवू नयेत. तातडीच्या वेळी केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवा रात्रंदिवस उपलब्ध आहे.

तो शेतकरी पुढील हंगामात पेरणीला उभा राहिला. याची नोंद कोणत्या रकान्यात करावी, हे वाणिज्य शाखेच्या शिक्षणाने आम्हांस शिकविले नाही. म्हणून ती येथे केली आहे.