साहेबपण सोड, विद्यार्थी हो

मनीषनगर, नागपूर
मकर संक्रांत

चि. बाळ यास,


येत्या ३१ मार्चला तू सेवानिवृत्त होतोस आणि एप्रिलपासून इथे आमच्याजवळ राहायला येतोस, याचा फार आनंद आहे. फोनवर म्हणालास, "आता निवांत बसायचं." महिनाभर खुशाल बस. पण त्यापुढचं आजच ठरव, म्हणून हे पत्र.

निवृत्तीत सगळ्यात अवघड जातं ते साहेबपण सुटणं. कालपर्यंत तुझ्या सहीवाचून फाइल हलत नव्हती. उद्या कुणी विचारायला येणार नाही. मग माणसं तेच साहेबपण सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणि सुनेच्या स्वयंपाकघरात चालवत राहतात. तू तसं करू नकोस. जे तुला अजिबात येत नाही, ते शिकायला जा. जिथे कुणी 'साहेब' म्हणणार नाही, अशा वर्गात जाऊन बस.

असाच एक वर्ग बघ. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजी गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन, दुपारी घरचं आवरून वर्गात येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासू समोर पाटी घेऊन बसलेली! घरात जिला आपण सांगायचं, तिच्याकडून मुळाक्षरं शिकून घ्यायची, याला मन मोठं लागतं. आयुष्यभर अंगठा उठवलेल्या बायका तिथे सही करायला शिकल्या.

तुझ्याच वयाचं उदाहरण हवं तर महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचं घे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेही पाच विद्यार्थिनींवर. सत्तरी ओलांडल्यावर त्या कामासाठी युरोप-अमेरिका फिरून आले. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ उभं केलं. प्रत्येक वेळी लोकांच्या दारी जाऊन विचारायची, मागायची त्यांची तयारी होती.

मी सध्या मोडी लिपी शिकते आहे. आजोबांच्या शेताची मोडीतली खरेदीखतं ट्रंकेत पडून आहेत, ती मला स्वतः वाचायची आहेत. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कुठे तुटतो तेही आपणच ओळखायचं. एकेका ओळीपाशी बराच वेळ अडायला होतं. शिकवणारी मुलगी तुझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणते, "काकू, पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचते. ओळ सुटली की जो आनंद होतो, तो नोकरीतल्या कुठल्या बढतीनेही दिला नव्हता.

मोबाइलवर घरबसल्या पुष्कळ शिकता येतं, हे खरं. तरी तू वर्गातच जा. इथून उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालायचं, जिने चढायचे, सीताबर्डीला उतरायचं, चार नव्या माणसांशी बोलायचं. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीपुढे तर तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. वर्गाची वेळ ठरलेली असली की चालणं टळत नाही. फक्त मे महिन्यात इथलं ऊन ४५ अंशांवर जातं, तेव्हा सकाळचा तास घे.

लहानपणी तुला तबल्याचं वेड होतं. बाबा "आधी अभ्यास" म्हणाले आणि ते राहूनच गेलं. तिथूनच सुरुवात कर. दहा ठिकाणी हात घालू नकोस. एकच धर आणि दोन वर्षं सोडू नकोस. एक मेपासूनचा तास आत्ताच ठरव आणि निरोपसमारंभाच्या आधी फी भरून टाक. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षाही दे. शेजारी दहा वर्षांची मुलं बसतील. त्यांच्या रांगेत ताठ मानेने बस आणि निकाल मला सगळ्यांच्या आधी कळव.

सौ.ला आणि मुलांना आशीर्वाद. तिळगूळ वेगळा पाठवते आहे.

तुझी,
ताई