भेट

मराठी भाषेत ‘भेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोन माणसे एकमेकांना भेटतात, ती भेट. आणि एकाने दुसऱ्याला प्रेमाने काही दिले, तर तीही भेटच. या दोन गोष्टींना एकच शब्द का असावा, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला नव्हता. तो मला माझ्या भाच्याने करावयास लावला.

आपल्याकडे देण्याघेण्याचे प्रसंग थोडेथोडके नाहीत. लग्नकार्यात आहेर होतो, संक्रांतीला वाण लुटतात, भाऊबिजेला ओवाळणी पडते, दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून हाती ठेवले जाते. लहान मुलांसाठी काही निवडणे फारसे अवघड नसते. रंगीत चेंडू दिसताच त्यांची कळी खुलते. परंतु विशी गाठलेल्या तरुणाला काय द्यावे? खेळण्याचे वय सरलेले असते आणि संसार अजून दूर असतो. त्यातून तो अबोल व अल्पसंतुष्ट असेल, तर देणाऱ्याची खरी परीक्षा होते.

माझे माहेर अहेरीचे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, प्राणहिता नदीजवळ हे गाव वसले आहे. नदीपलीकडे तेलंगणा राज्य आणि अलीकडे साग-बांबूची वने. येथील बाजारात मराठी, तेलुगू व माडिया अशा तीन भाषा एकाच वेळी कानी पडतात. दर दिवाळीस मी भाऊबिजेसाठी नागपूरहून अहेरीस जाते. भावाला ओवाळावे, वहिनीला साडी द्यावी, येथवर सारे सुरळीत होई. भाच्यापाशी आले की माझी मती गुंग होई. “त्याला काही नकोच असते हो,” असे वहिनी म्हणत.

पहिल्या वर्षी मी त्याला मनगटी घड्याळ दिले. दुसऱ्या वर्षी उंची सदरा नेला. तिसऱ्या वर्षी स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तके नेली. प्रत्येक वेळी त्याने नमस्कार केला आणि “छान आहे, आत्या,” एवढेच तो म्हणाला. चौथ्या दिवाळीत थंडी वाजू लागली म्हणून मी पांघरूण काढण्यासाठी कपाट उघडले. आत तिन्ही भेटी जशाच्या तशा होत्या. सदऱ्याच्या टाचण्याही निघालेल्या नव्हत्या.

मला वाईट वाटले. खरे सांगायचे तर रागही आला. संध्याकाळी अंगणात तो एकटा बसला असता मी त्याला विचारले, “माझे काही चुकले का रे?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वस्तू चांगल्याच आहेत, आत्या. पण त्या हातात घेतल्या की मला वाटते, तू त्या दुसऱ्याच कोणासाठी तरी आणल्या होत्यास. तो मुलगा कोण, हे मला ठाऊक नाही.”

त्याच्या स्वरात कडवटपणा नव्हता, म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. घड्याळ मी दिले, कारण त्याने वक्तशीर व्हावे असे मला वाटे. सदरा दिला, कारण तो चारचौघांत नीटनेटका दिसावा. पुस्तके दिली, कारण त्याने अधिकारी व्हावे, ही माझी इच्छा होती. तीन वर्षे मी उपदेशच रंगीत कागदात गुंडाळून त्याच्या हाती ठेवीत आले होते.

त्या रात्री मला एक जुनी हकिकत आठवली. मुंबईच्या चर्नी रोड बागेत एक शाळकरी मुलगा संध्याकाळी पुस्तक घेऊन वाचीत बसे. कृष्णराव अर्जुन केळुस्कर हे शिक्षक व लेखक त्याच बागेत येत. वाचनात बुडून गेलेल्या त्या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले. त्यांनी त्याची विचारपूस केली, तो काय वाचतो ते पाहिले आणि पुढे आपल्याजवळची पुस्तके ते त्याला वाचावयास देऊ लागले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे परीक्षेतील यशाबद्दल भीमरावांचा सत्कार झाला, तेव्हा केळुस्कर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. त्या पुस्तकाने आपले मन हेलावून गेले, असे बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात स्वतः लिहून ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथे आपल्या असंख्य अनुयायांना ती दिली. अहेरी तेव्हा त्याच चांदा जिल्ह्यात होती. एका पुस्तकानेच हे सारे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; मधली सारी वर्षे बाबासाहेबांच्या अभ्यासाची आणि संघर्षाची होती. परंतु योग्य वेळी योग्य हाती पडलेले ते पुस्तक होते, यात शंका नाही. गुरुजींनी प्रथम त्या मुलाला भेटून घेतले आणि मग त्याला भेट दिली. मी पहिली पायरी गाळूनच दुसरीवर चढू पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला म्हटले, “आज तू जेथे जाशील, तेथे मी तुझ्याबरोबर येईन.” त्याला नवल वाटले, पण तो हसला. वाटेत एका झाडाखाली तो थांबला आणि त्याने खिशातून चिठोऱ्यांचा जुडगा काढला. जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूंवर त्याने तीन तीन रकाने आखले होते. पहिल्या रकान्यात झाडाचे मराठी नाव, दुसऱ्यात तेलुगू : मोह – इप्प, तेंदू – तुनिकी, ऐन – नल्लमद्दी. तिसऱ्या रकान्यावर ‘माडिया’ असे लिहिले होते; तो मात्र जवळजवळ कोराच होता.

“हा रिकामा का?” मी विचारले.

“बाजारात चारोळी, मध विकायला येतात, त्यांना विचारतो,” तो म्हणाला. “पण त्यांना परतीची घाई असते. पूर्वी वृद्ध माणसे सारी नावे सांगत. आता ती एकेक करून चालली आहेत, आत्या. झाड राहील, त्याचे नाव जाईल.”

जवळच्या आलापल्लीच्या जंगलात ‘वनवैभव’ नावाचा सुमारे ६ हेक्टरांचा जुन्या वनाचा भाग राखून ठेवला आहे. २०१४ साली त्यास जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. झाडे राखावी, हे शासनाला सुचले. त्यांची नावे राखावी, हे माझ्या अबोल भाच्याला सुचले होते. आणि मी त्याला घड्याळ देत होते!

आता काय द्यावे, हे मला शोधावे लागले नाही. दिवाळीनिमित्त दुकानदारांसाठी आणलेल्या हिशेबाच्या लाल वह्या बाजारात अजून शिल्लक होत्या. जाड पुठ्ठ्याची, पक्क्या शिवणीची एक वही मी घेतली आणि रात्री बसून तिची पाने तीन रकान्यांत आखली. पण कोरा रकाना आणखी एका कोऱ्या वहीने कसा भरणार? तेव्हा मला माझी बालमैत्रीण आठवली. अहेरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. ती माडिया होती. लग्नानंतर भामरागडच्या वाटेवरील एका खेड्यात राहू लागली होती. कित्येक वर्षांत मी तिची विचारपूसही केली नव्हती.

भाच्याला घेऊन मी तिच्या घरी गेले. तिने मला ओळखले आणि काही न बोलता माझे हात धरले. तिच्या वृद्ध सासूबाई दोन दिवस आमच्याबरोबर रानात फिरल्या. त्या झाडाला हात लावीत, नाव सांगत. मग त्याची साल कशाला लागते, फळ केव्हा पिकते, हेही सांगत. मैत्रीण मराठीतून अर्थ उलगडी आणि भाचा लिहून घेई. एका झाडापाशी मात्र सासूबाई थबकल्या. त्यांना नाव आठवेना. “माझ्या आईला ठाऊक होते,” असे त्या म्हणाल्याचे मैत्रिणीने सांगितले. भाच्याने ती जागा कोरी सोडली आणि पुढे पाऊल टाकले.

परतताना बसमध्ये तो वही मांडीवर घेऊन बसला होता. अहेरी येईपर्यंत तो माझ्याशी जितके बोलला, तितके मागच्या चार वर्षांत मिळूनही बोलला नसेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा दादा किंवा ताई असेल. “त्याला काही नकोच असते,” असे कोणी म्हणाले, तर ते लगेच खरे मानू नका. तो कशात रमतो, हे काही दिवस पाहा. त्याचे काम कोठे अडले आहे, हे विचारा. त्याने कसे व्हावे, ही आपली इच्छा क्षणभर बाजूला ठेवा. मग आपल्याजवळ असे काय आहे, की जे बाजारात मिळत नाही, याचा विचार करा. कदाचित ते एक जुने पुस्तक असेल, एखादी ओळख असेल, किंवा केवळ आपले दोन दिवस असतील. भेट देण्यापूर्वी भेट घ्यावी लागते.

त्या लाल वहीत अजून काही जागा कोऱ्या आहेत. पुढच्या दिवाळीस आम्ही पुन्हा जाणार आहोत.

शब्दार्थ
अल्पसंतुष्ट – थोडक्यात समाधान मानणारा
वाण – संक्रांतीस सुवासिनींनी द्यावयाची वस्तू
चिठोरे – कागदाचा लहान तुकडा
जुडगा – एकत्र केलेला गठ्ठा
रकाना – उभ्या रेघांनी आखलेला भाग

स्वाध्याय
१. लेखिकेने पहिल्या तीन वर्षी कोणत्या भेटी दिल्या? प्रत्येक भेटीमागे तिची कोणती इच्छा होती?
२. ‘तू त्या दुसऱ्याच कोणासाठी तरी आणल्या होत्यास’ या वाक्यातून भाच्याला काय सुचवावयाचे आहे?
३. केळुस्कर गुरुजींच्या हकिकतीवरून लेखिकेला आपली कोणती चूक उमगली?
४. ‘झाड राहील, त्याचे नाव जाईल.’ हे घडू नये म्हणून काय करता येईल, ते पाच-सहा ओळींत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : कळी खुलणे, मती गुंग होणे, विचारपूस करणे.
६. उपक्रम : तुमच्या परिसरातील दहा झाडांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, तेथे बोलल्या जाणाऱ्या निरनिराळ्या भाषांत लिहून काढा.