रजोनिवृत्ती, पोटावरील चरबी आणि यकृत

रजोनिवृत्तीनंतर वजन फारसे न वाढताही स्त्रीच्या पोटाचा घेर वाढतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तोवर चरबी मांड्या व नितंबांकडे वळवीत असते. ते घटताच चरबी पोटातील अवयवांभोवती साचते, तिच्यातील मेदाम्ले थेट यकृतात उतरतात आणि तेथील मेदाचे ज्वलनही मंदावते. यासच आपण 'फॅटी लिव्हर' म्हणतो.

बारीक अंगकाठीच्या भगिनींनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के होती.

हा विकार बहुधा वेदनेवाचून वाढतो. म्हणून छत्रपती संभाजीनगर व परिसरातील कुटुंबीयांना आमची नम्र विनंती आहे, की चाळिशीनंतर घरातील माता-भगिनींच्या कमरेचा घेर मोजावा. तो ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास वैद्यकीय सल्ल्याने रक्तशर्करा व यकृताची तपासणी करून घ्यावी. वजन जास्त असल्यास त्यातील ७ ते १० टक्के घटही यकृताची सूज उतरविण्यास साहाय्यभूत ठरते. घरच्या सर्वांची पथ्ये सांभाळणाऱ्या माउलीची तपासणी सर्वांत शेवटी राहू नये, एवढीच आमची अपेक्षा.