खुल्या आकाशाचा करार : कोणी काय दिले, काय राखले

पाखराला आकाशात सीमा आडव्या येत नाहीत. विमानाला मात्र त्या पदोपदी येतात. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व मान्य केले. साहजिकच परक्या देशात उतारू नेणे-आणणे हा विमान कंपनीचा हक्क राहिला नाही. ती त्या देशाने दिलेली परवानगी ठरली. परवानगी म्हटली की देवघेव आलीच. अटलांटिक महासागरावरील हवाई वाहतुकीचा इतिहास हा बव्हंशी ह्या देवघेवीचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याला एकच प्रश्न विचारावयाचा आहे : आकाश ‘खुले’ झाले म्हणजे नेमके काय खुले झाले?

पहिला टप्पा बर्म्युडाचा. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी तेथे करार केला. अमेरिकेजवळ विमाने मुबलक होती. तेव्हा फेऱ्यांवर बंधन नको, असे तिचे म्हणणे. युद्धाने थकलेल्या ब्रिटनला भाडी आणि फेऱ्या या दोहोंवर नियंत्रण हवे होते. अखेर तडजोड झाली. फेऱ्यांची संख्या आधी ठरवावयाची नाही. भाडी मात्र विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत ठरावी व सरकारांनी ती मंजूर करावी. पुढे आपल्या पदरी कमी पडते असे वाटून ब्रिटनने १९७६ साली करार संपविण्याची नोटीस दिली आणि १९७७ साली दुसरा बर्म्युडा करार झाला. तो पहिल्याहून कडक होता. १९९१ नंतर लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून अमेरिकेस जाण्याची मुभा दोन्ही देशांच्या दोन-दोनच कंपन्यांना होती, यावरून त्याची कल्पना यावी.

ही कोंडी फोडली ती एका लहान देशाने. १९९२ साली नेदरलँड्सने अमेरिकेशी ‘खुल्या आकाशा’चा करार केला. फेऱ्या, मार्ग व भाडी यांवरील सरकारी बंधने त्याने जवळजवळ उठविली. यात औदार्यापेक्षा हिशेब अधिक होता. डच कंपनीला घरचे उतारू थोडे. तिला शेजारच्या देशांतील उतारू ॲम्स्टरडॅममार्गे न्यावयाचे होते. शिवाय १९९३ च्या आरंभी तिला एका अमेरिकी कंपनीशी हातमिळवणी करून कारभार चालविण्यास स्पर्धाविरोधी कायद्यातून सूट मिळाली. आपले उतारू ॲम्स्टरडॅमकडे वळतील, ही धास्ती शेजाऱ्यांना पडली. १९९६ साली जर्मनीनेही तसाच करार केला. एकेका देशाला वेगळे गाठून बोलणी करण्याची अमेरिकेची नीती अशी फळास आली.

पण प्रत्येक करारात राष्ट्रीयत्वाची एक अट होती. जर्मनीच्या करारान्वये मिळणारे हक्क जर्मन मालकीच्याच कंपनीला मिळत. युरोपीय न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००२ रोजी आठ देशांविरुद्ध निकाल देऊन ही अट युरोपीय कायद्याशी विसंगत ठरविली. २००३ पासून सर्व सदस्य देशांच्या वतीने युरोपीय आयोग अमेरिकेशी बोलू लागला. २००४ चा मसुदा युरोपच्या मंत्र्यांनी अपुरा म्हणून नाकारला. अखेर एप्रिल २००७ मध्ये सह्या झाल्या व ३० मार्च २००८ पासून करार अमलात आला. युरोपीय संघातील कोणतीही कंपनी त्यातील कोणत्याही शहराहून अमेरिकेस जाऊ लागली. हीथ्रोची चौघांची मक्तेदारी संपली.

मग राखले काय? पॅरिसहून न्यूयॉर्कला आलेल्या युरोपीय विमानाला तेथून शिकागोचे उतारू घेता येत नाहीत. अमेरिकी कंपनीला मात्र मायदेशाहून निघालेल्या फेरीत युरोपातील एका देशातून दुसऱ्या देशात उतारू नेता येतात. अमेरिका म्हणते, ते वेगवेगळे देश आहेत. युरोप म्हणतो, आमची बाजारपेठ एकच आहे. त्याहून मोठी गोष्ट मालकीची. अमेरिकी विमान कंपनीत परकीयांना २५ टक्क्यांहून अधिक मताधिकार मिळत नाही. युद्धप्रसंगी नागरी विमाने सैन्याच्या कामी येतात, हे त्याचे एक समर्थन. नोकऱ्या जाण्याची कामगार संघटनांची भीती हे दुसरे. नियंत्रणाचा नियम सैल करण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने डिसेंबर २००६ मध्ये मागे घेतला. २०१० च्या दुसऱ्या टप्प्यातही ही मर्यादा उठली नाही.

तात्पर्य, प्रवासाचे मार्ग खुले झाले. मालकीचे दार बंदच राहिले. उताऱ्याचा यात लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने कराराचे नाव वाचून थांबू नये. ज्याला घरचा बाजार मोठा, तो देताना हात आखडू शकतो. ज्याला लहान, त्याला आधी दार उघडावे लागते. ‘खुले’ ह्या शब्दाचा अर्थ कराराच्या मथळ्यात सापडत नाही. तो शोधावा लागतो त्यातील अपवादांत.